कोरड्या सॉल्व्हेंटचा हट्ट सोडायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला हरित रसायनशास्त्रावरचा लेख वाचला. एन्झाइम, मायक्रोरिअॅक्टर, वनस्पतिजन्य सॉल्व्हेंट या सगळ्यांविषयी त्यात चांगली माहिती आहे. मात्र सेंद्रिय रसायनांच्या कारखान्यात आहे त्याच रिअॅक्टरमध्ये जी सुधारणा करता येते, त्या फेज ट्रान्सफर कॅटॅलिसिसचा (पीटीसी, म्हणजे पाण्यातल्या घटकाला तेलकट थरात नेणारा उत्प्रेरक वापरण्याचे तंत्र) त्यात साधा उल्लेखही नाही. प्रोसेस डेव्हलपमेंटच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला हे खटकले, म्हणून हे पत्र.

मूळ अडचण अशी. अनेक अभिक्रियांमध्ये एक घटक तेलकट असतो आणि तो टोल्युइनसारख्या सॉल्व्हेंटमध्ये विरघळतो. दुसरा घटक सायनाइड, फिनॉक्साइड किंवा कॉस्टिक सोड्यासारखा क्षार असतो आणि तो फक्त पाण्यात विरघळतो. दोघांची गाठच पडत नाही. यावर प्रयोगशाळेतला ठरलेला उपाय म्हणजे डीएमएफ किंवा डीएमएसओ असा कोरडा, म्हणजे पाणी काढून टाकलेला, सॉल्व्हेंट घेणे, कारण त्यांत दोन्ही विरघळतात. फ्लास्कमध्ये हे छान जमते. प्लांटमध्ये खरी डोकेदुखी अभिक्रिया संपल्यावर सुरू होते. क्षार धुऊन काढायला पाणी टाकले की डीएमएफ त्या पाण्यात पूर्ण मिसळतो. डीएमएफ १५३ अंशांना उकळतो आणि पाणी १०० अंशांना, म्हणजे डीएमएफ परत मिळवायचा तर आधी सगळे पाणी उडवावे लागते. वाफेचा खर्च तिथेच होतो. जो डीएमएफ परत मिळत नाही तो ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत, जातो. त्यात बेस (आम्लारी) म्हणून सोडियम हायड्राइड वापरले असेल तर ओलाव्याची धास्ती, बाहेर पडणारा हायड्रोजन आणि डीएमएफमध्ये हायड्राइड तापून अचानक विघटन होण्याचा धोका, हे सगळे आलेच. अशा अपघातांची नोंद रसायनशास्त्राच्या साहित्यात आहे. प्रजननक्षमतेला घातक म्हणून युरोपीय संघाने डिसेंबर २०२३ पासून डीएमएफच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या, तेव्हा आता हा प्रश्न केवळ खर्चाचाही उरलेला नाही.

यावरचा पर्याय अर्धशतकाहून जुना आहे. चार्ल्स स्टार्क्स यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेले उदाहरण आजही शिकवले जाते. ऑक्टाइल क्लोराइड आणि सोडियम सायनाइडचे पाण्यातले द्रावण एकत्र करून दिवसभर उकळत ठेवले तरी सायनाइडची अभिक्रिया जवळपास होतच नाही. त्यातच सुमारे एक टक्का चतुर्थक अमोनियम किंवा फॉस्फोनियम क्षार टाकला की दोन-तीन तासांत काम संपते. या चतुर्थक क्षाराच्या, म्हणजे कारखान्याच्या भाषेत क्वॉटच्या, धनभाराभोवती लांब तेलकट साखळ्या असतात. त्यामुळे तो सायनाइडला जोडीने घेऊन तेलकट थरात जाऊ शकतो आणि परतताना क्लोराइड घेऊन येतो. शिवाय पाण्यात सायनाइडभोवती पाण्याच्या रेणूंचे जे कडे असते त्यातले बरेचसे पाणी मागेच राहते, आणि असा उघडा पडलेला आयन कितीतरी जास्त क्रियाशील असतो.

पोलंडमध्ये मिएचिस्वाव माकोशा यांनी १९६०च्या दशकातच ५० टक्के कॉस्टिकचे पाण्यातले द्रावण आणि थोडासा क्वॉट एवढ्यावर फिनाइल अॅसिटोनायट्राइलचे अल्किलीकरण (रेणूला कार्बनची साखळी जोडणे) करून दाखवले होते. तोपर्यंत त्यासाठी सोडामाइडसारखे, पाणी लागताच बिघडणारे बेस लागत. याच पद्धतीने क्लोरोफॉर्मपासून डायक्लोरोकार्बीन तयार होते. पाण्याशी जराही न पटणारा हा घटक पाणी असलेल्या रिअॅक्टरमध्ये तयार होतो आणि टिकतोही, कारण तो सेंद्रिय थराच्या आत जन्मतो आणि तिथे पाणी नगण्य असते. हे मला आजही विलक्षण वाटते.

मग हे तंत्र सर्रास का वापरले जात नाही? पायरेथ्रॉइड कीटकनाशके, पॉलिकार्बोनेट, कितीतरी औषधांचे मधले टप्पे अशा ठिकाणी ते रुजले आहे. पण नवीन प्रक्रिया बसवताना बहुतेक ठिकाणी टीबीएबी हा नेहमीचा क्वॉट घालून एक प्रयोग होतो, रूपांतर अर्ध्यावर अडकते, 'पीटीसी चालत नाही' असा शेरा पडतो आणि गाडी पुन्हा डीएमएफवर येते. अडकण्याचे कारण बहुतेक वेळा शोधता येण्यासारखे असते. आयोडाइड हे नेहमीचे. अल्किल आयोडाइड जास्त क्रियाशील म्हणून प्रयोगशाळेत तेच घेतले जाते, पण सुटलेला आयोडाइड क्वॉटला इतका घट्ट चिकटतो की क्वॉट दुसऱ्या कोणाला आत नेतच नाही. अभिक्रिया जसजशी पुढे जाते तसतसा उत्प्रेरक अडकत जातो. तिथे स्वस्त क्लोराइड किंवा मेसिलेट घेतले तर फरक पडू शकतो. कॉस्टिकची तीव्रता हे दुसरे कारण. १० टक्क्यांच्या द्रावणात जे होत नाही ते ५० टक्क्यांच्या द्रावणात होते, कारण तिथे आयनांभोवती गोळा व्हायला मोकळे पाणीच फारसे नसते. पण तेच तीव्र कॉस्टिक तापवले की टीबीएबीचे विघटन होऊन ट्रायब्युटाइल अमाइन तयार होते, त्याचा वास येतो आणि उत्प्रेरक संपतो. अशा वेळी तापमान उतरवावे किंवा पीईजीसारखा (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) कॉस्टिकमध्ये अधिक टिकणारा उत्प्रेरक पाहावा.

ढवळण्याकडे तर अक्षम्य दुर्लक्ष होते. फ्लास्कमधला चुंबकी तुकडा दोन्ही थर घुसळून दुधासारखे करतो. प्लांटमध्ये तीच बॅच अँकर स्टिरर असलेल्या रिअॅक्टरमध्ये घेतली की साइट ग्लासमधून दोन थर आपापल्या जागी शांतपणे फिरताना दिसतात आणि मधली रेघ मोडत नाही. अशा बॅचचे यील्ड पडले तर दोष रसायनशास्त्राचा नसतो. तिरप्या पात्यांचा टर्बाइन आणि बॅफल (भिंतीलगतच्या अडथळ्याच्या पट्ट्या) बसवणे हा काही फार मोठा खर्च नव्हे. इथे सुरक्षेचा मुद्दाही आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्टिरर बंद पडला असताना अल्किल हॅलाइडची (अल्किल क्लोराइड, आयोडाइड वगैरे) भर चालू राहिली तर ते न वापरता साठत जाते. नंतर स्टिरर सुरू करताच साठलेला सगळा माल एकदम पेटल्यासारखा अभिक्रिया करतो आणि तापमान हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून भर हळूहळूच द्यावी आणि स्टिररच्या मोटरला असा इंटरलॉक हवा की ती थांबताच डोसिंग पंप थांबेल.

या तंत्राची बाजू घेताना एक गोष्ट लपवणे मला योग्य वाटत नाही. काम झाल्यावर क्वॉट कुठे जातो, हे फार थोडे लोक विचारतात. त्याचा काही भाग उत्पादनात राहतो, काही धुतलेल्या पाण्यात. चतुर्थक अमोनियम क्षारांपैकी अनेक जंतुनाशक म्हणूनच विकले जातात. ते सांडपाण्यातून ईटीपीच्या जैविक टाकीत गेले तर तिथले जिवाणू मारतात, आणि मग टाकी बिघडली म्हणून बोट भलतीकडेच दाखवले जाते. काही प्रक्रियांमध्ये क्षाराचे प्रमाण वाढवून क्वॉट किंवा पीईजीचा वेगळा तिसरा थर पाडता येतो. तो खालच्या व्हॉल्व्हने किंवा मधून काढून पुढच्या बॅचला वापरता येतो. सर्वत्र हे जमणार नाही, पण उत्प्रेरकाचा हिशेब बॅचशीटवर लिहिण्याची सक्ती प्रत्येक ठिकाणी जमेल.

आपल्या वृत्तपत्रात उद्योगांच्या 'हरित' प्रक्रियांच्या बातम्या वरचेवर येतात. आपल्या बातमीदारांनी त्या लिहिताना संबंधितांना तीन प्रश्न जरूर विचारावेत: सॉल्व्हेंट कोणता आणि त्यातला किती परत मिळतो, पाण्यात काय जाते, आणि पाण्यात मिसळणारा सॉल्व्हेंट वापरत असाल तर दोन थरांत तीच अभिक्रिया करून पाहिली होती का.

आपला,
प्रक्रिया विकासात काम केलेला एक वाचक