सिंहमानव आणि बॅटमॅन

महोदय,

सुपरहिरोंच्या बाहुल्यांमुळे मुलांच्या मानगुटीवर ‘परकी भुते’ बसली आहेत, असे एका वाचकांचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्याकडे छापून आले. मी वागळे इस्टेटमध्ये ३२ वर्षे पॅटर्नमेकर होतो. ओतकामासाठी लाकडाचे नमुने कोरायचे, हा धंदा. सवयीने नातवाचा बॅटमॅन हातात घेऊन फिरवून पाहिला. कानापासून टाचेपर्यंत साच्याची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटणारी रेघ, तिच्यावर कुणी साधी कानससुद्धा मारलेली नाही. तक्रार करायचीच तर या कामचुकारपणाची करा. भुते फार जुनी आहेत.

जर्मनीत होलेनस्टाइनच्या गुहेत मॅमथच्या सुळ्यात कोरलेला सिंहमुखी पुरुष सापडला आहे. उंची ३१ सेंटिमीटर, वय सुमारे ४०,००० वर्षे, हत्यारे गारगोटीची. सुळा मुळाकडे आतून पोकळ असतो. ती पोकळी जिथे संपते, नेमकी तिथेच कोरणाऱ्याने दोन पायांमधली फट घेतली आहे. मालातली खोड अशी कामाला लावणारे कारीगर मला उभ्या नोकरीत दोनच भेटले.

तो सापडला ऑगस्ट १९३९ मध्ये. बॅटमॅन पहिल्यांदा छापला गेला, तेही १९३९ मध्येच! लगेच महायुद्ध पेटले आणि सिंहाचे तुकडे तीसेक वर्षे तसेच पडून राहिले. १९६९ मध्ये पुरातत्त्वज्ञ योआखिम हान यांनी दोनशेहून जास्त तुकडे जुळवले, तेव्हा कुठे तो उभा राहिला.

आपल्या नरसिंहाशी त्याचे नाते जोडण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण ‘परके’ म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात एक चक्कर मारावी. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे. ग्रीकांचा हा समुद्रदेव व्यापाराच्या वाटेने पार पंचगंगेकाठी पोहोचला. त्याचा त्रिशूळ हल्ली सुपरहिरो ॲक्वामॅन मिरवतो, एवढेच.

नातवाला सिंहमानवाचा फोटो दाखवला, तर म्हणतो, “आजोबा, याची पॉवर काय?” मला काही सांगता येईना. घरात सागाचा एक तुकडा उरला होता, तो घेऊन गेले तीन रविवार पटाशीने कोरत बसलो आहे. तोंड जमले. डावा कान मात्र लाकडाची रेषा (तंतू) आडवी गेल्यामुळे उडाला. डिंक लावायला घेतला तर नातवाने हात धरला. “राहू दे ना, लढाईत गेला तो.”

— एक निवृत्त पॅटर्नमेकर, नौपाडा, ठाणे