सूचना : गच्चीवर पहिल्यांदाच भाजी लावणाऱ्यांसाठी

मंडळी, रविवारी सकाळी 8 ला गच्चीवर माती आणि शेणखत वाटप आहे, येताना जुनं घमेलं नाहीतर रिकामा डबा आणा पण खाली भोकं पाडून, मागच्या वेळी बऱ्याच जणांनी तसेच आणले आणि मुळं कुजली. नवीन लोकांनी प्लीज लगेच टोमॅटो-वांग्याच्या मागे लागू नका, आधी मेथी, घरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले तरी चालतात, 25-30 दिवसांत भाजी. धणे मात्र अख्खे नको, लाटण्याने हलकेच रगडून दोन फाकी करा, उगवायला 8-10 दिवस लागतात तर रोज उकरून बघू नका (हो, मीपण केलंय). पाणी वरची माती कोरडी लागली तरच. खत कमी आहे, घरटी एकच पिशवी.