विजेंदरचा हिशेब २०१५ पासून मांडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नुकत्याच व्यावसायिक झालेल्या बॉक्सर निशांत देवच्या निमित्ताने आपल्या क्रीडापानावर विजेंदर सिंगच्या व्यावसायिक कारकिर्दीचा आढावा आला, तो वाचून हे पत्र लिहायला बसलो. ऑलिम्पिक पदकाच्या पुण्याईवर विजेंदर पैशाच्या मागे गेला, दुय्यम प्रतिस्पर्ध्यांना हरवत राहिला आणि तगडा गडी समोर येताच आडवा झाला, असा एकूण सूर होता. १४ लढती, १३ विजय, १ पराभव हे आकडे बरोबर आहेत. त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटला नाही, आणि बरीच वर्षे मुलांना बॉक्सिंग शिकवत असल्यामुळे गप्पही बसवले नाही.

बीजिंग २००८ मधला पहिलाच निकाल काढून पाहा. ७५ किलो गटात विजेंदरने गांबियाच्या बादू जॅकला १३-२ असे हरवले होते. ती लढत आपण सगळे विसरलो, कारण पुढे उपांत्य फेरी आणि कांस्यपदक आले, आणि बॉक्सिंगमधले देशाचे ते पहिलेच ऑलिम्पिक पदक होते. बादू जॅक मात्र दुसऱ्याच वर्षी व्यावसायिक झाला. त्याच गटात सुवर्ण जिंकलेला इंग्लंडचा जेम्स डिगेलही २००९ मध्येच तिकडे गेला. एप्रिल २०१५ मध्ये जॅक सुपर मिडलवेट (साधारण ७६ किलोपर्यंतच्या) गटाचा जगज्जेता झाला, मे २०१५ मध्ये डिगेलने त्याच गटात दुसऱ्या संघटनेचा पट्टा, म्हणजे जगज्जेतेपद, जिंकला. आणि जून २०१५ मध्ये आपल्या विजेंदरने व्यावसायिक होण्याच्या करारावर सही केली. गटही तोच, सुपर मिडलवेट!

बरोबरीचे लोक शिखरावर पोचले तेव्हा हा पायथ्याशी बुटाच्या नाड्या बांधत होता. १० ऑक्टोबर २०१५ ला मँचेस्टरमध्ये पहिली लढत खेळला तेव्हा तिशी पूर्ण व्हायला १९ दिवस उरले होते. तुमच्या लेखात हे वय कुठेच नाही. त्याने कोणाला हरवले हे विचारताना तो कधी गेला हेही विचारायला हवे.

मग आधी का गेला नाही? हरियाणा रोडवेजच्या बसचालकाचा हा मुलगा. भिवानीच्या जगदीश सिंगांच्या हाताखाली तयार झाला, तो मुळात खेळाच्या जोरावर सरकारी नोकरी मिळावी म्हणून. पदकानंतर पोलिसांत मोठी जागा मिळाली, पुढे खेलरत्न आणि पद्मश्री मिळाले. २०१० ची राष्ट्रकुल स्पर्धा दिल्लीतच होती. अशा वेळी कुठल्या प्रशिक्षकाने त्याला सगळे सोडून मँचेस्टरला जा म्हटले असते? मी तरी नसते म्हटले. शिवाय त्या वर्षांत त्याने देशाला दिले ते थोडे नाही. २००९ मध्ये मिलानच्या जागतिक स्पर्धेत कांस्य आणि २०१० मध्ये ग्वांगझूला आशियाई सुवर्ण, तेही अंतिम फेरीत उझबेकिस्तानच्या अब्बोस अतोएवला ७-० असे कोरडे ठेवून. जगज्जेतेपद जिंकलेल्या अतोएवसारख्याला एकही गुण मिळू न देणे म्हणजे काय, हे रिंगमध्ये उतरलेल्यालाच कळेल.

डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने आपल्या बॉक्सिंग महासंघाला निलंबित केले, कारण निवडणुकीतले घोळ. २०१३ च्या अल्माटीच्या जागतिक स्पर्धेत आपली मुले तिरंग्याखाली उतरूच शकली नाहीत, त्यांना संघटनेच्या झेंड्याखाली खेळावे लागले. नवी संस्था आली, तीही वर्षभरात मोडली. अशा काळात तिशीकडे झुकलेल्या खेळाडूने स्वतःची वाट शोधली, तर त्याला पैशाच्या मागे गेला म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आता रिंगमधली गोष्ट. माझ्याकडे एक मुलगा आहे, राज्य स्पर्धेत दोनदा पदक मिळवलेला. गेल्या पावसाळ्यात त्याने विचारले, “सर, प्रोला, म्हणजे व्यावसायिक बॉक्सिंगला, जाऊ का?” मी म्हटले, आधी सहा राऊंड काढून दाखव. दर दोन राऊंडला नवा, ताजा जोडीदार दिला. पहिले तीन राऊंड पोराने देखणे काढले. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, सुटत होता, पाय हलत होते. चौथ्यात उजवे कोपर बरगडीपासून सुटले आणि तिथेच हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, बसला. तो पडला नाही. पण तोंड उघडले, आतली दातांवरची गमशिल्ड दिसू लागली, आणि नजर समोरच्यावरून निघून माझ्या हातातल्या स्टॉपवॉचकडे गेली. तीन राऊंड, नऊ मिनिटे, हौशी लढत एवढीच असते. तेवढेच घड्याळ त्याच्या अंगात बसले होते.

विजेंदरच्या अंगात बसलेले घड्याळ काही वेगळे नव्हते. बीजिंगला तर दोन-दोन मिनिटांचे चारच राऊंड होते. पाचातल्या तीन परीक्षकांनी जवळपास एकाच वेळी बटण दाबले तरच गुण मिळे. त्यामुळे लांबून स्वच्छ ठोसा मारून बाजूला होणे यालाच किंमत होती. पोटात, बरगडीत मारलेला ठोसा क्वचितच मोजला जाई. व्यावसायिकमध्ये नेमके तेच ठोसे सातव्या-आठव्या राऊंडला वसूल होतात. हे सगळे तिशीत नव्याने शिकायचे, उभे राहण्याची ढबसुद्धा बदलायची. तरी जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपविरुद्ध हा माणूस पूर्ण दहा राऊंड उभा राहिला आणि तिन्ही परीक्षकांच्या कार्डांवर जिंकला. माझ्या लेखी त्याच्या व्यावसायिक कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी रात्र.

५ ऑगस्ट २०१७ ला मी वरळीच्या डोममध्ये होतो. चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीविरुद्ध शेवटच्या राऊंडांत विजेंदर दमलेला आहे हे वरच्या बाकांवरूनही कळत होते. तिघांनी त्यालाच विजयी ठरवले, पण दोन कार्डांवर फरक एका गुणाचा, ९५-९४. दुसरीकडे डोकलामला भारत-चीनची सैन्ये समोरासमोर उभी होती. जिंकल्यावर त्याने सीमेवर शांतता राहावी म्हणून पट्टा प्रतिस्पर्ध्याला परत द्यायची तयारी दाखवली. माझ्या शेजारच्या काहींना ते आवडले नाही. मला मात्र त्या क्षणी तो फार मोठा वाटला.

आणि गोव्यातला तो पराभव. पहिल्या नऊ महिन्यांत विजेंदर सात लढती खेळला. उरलेल्या सात लढतींना पुढची सहा वर्षे लागली. २०१८ मध्ये एकही नाही, २०२० मध्येही नाही. मार्च २०२१ मध्ये पणजीत जहाजाच्या गच्चीवर तो अर्तिश लोप्सानसमोर उतरला, तो जवळजवळ सोळा महिन्यांच्या खंडानंतर. वय ३५, समोर सव्वासहा फुटांहून उंच, २६ वर्षांचा रशियन. पाचव्या राऊंडमध्ये लढत थांबवावी लागली. बॉक्सरला गंज चढतो तो लढती नसल्या की. मधल्या काळात तो निवडणुकीला उभा राहिला, ही त्याची स्वतःची निवड होती आणि त्याची किंमत रिंगमध्ये मोजावी लागली, हेही मी मान्य करतो. पण दर दोन महिन्यांनी लढतींचा कार्यक्रम लागेल, पोट भरेल, चांगले जोडीदार सरावाला मिळतील, अशी व्यवस्था आपल्याकडे होती कुठे?

म्हणून निशांतकडे बघा. करनालचा हा मुलगा २०२३ च्या ताश्कंदच्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकला, पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत हरला आणि जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासला पहिली व्यावसायिक लढत पहिल्याच राऊंडमध्ये जिंकला. वय २४. म्हणजे विजेंदरपेक्षा पाच वर्षे आधी. तीस वर्षांच्या बॉक्सरसाठी पाच वर्षे म्हणजे काय, ते माझ्या त्या मुलाच्या चौथ्या राऊंडवरून ताडा.

आपल्याला एकच विनंती आहे. निशांतच्या लढतींची बातमी देताना नुसते ‘भारताचा डंका’ छापू नका. समोरचा कोण होता, त्याच्या किती लढती झाल्या, किती राऊंडची लढत ठरली होती, कितव्यात संपली, एवढे चार तपशील सोबत द्या. माझ्याकडची मुले पेपर वाचतात. सहा राऊंडवाला तो मुलगा तर कात्रणे काढून ठेवतो. सध्या तो पाचव्या राऊंडपर्यंत कोपर खाली ठेवू लागला आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला येत्या वर्षभरात द्यायचे आहे.

आपला,
एक बॉक्सिंग प्रशिक्षक