मॅंडेलब्रॉट आणि पाय

प्रिय पम्या,

अकरावीला कॉम्प्लेक्स नंबर शिकवताना पोरं जांभया देतात म्हणालास ना, तर त्यांना मॅंडेलब्रॉट सेट, म्हणजे कॉम्प्लेक्स नंबरांतून निघणारं ते नक्षीदार चित्र, काढून दाखव, आणि यूट्यूबवरचा तयार व्हिडिओ नको, त्यांच्यासमोर पायथनमध्ये काढ, वीसेक ओळींचा तर कोड आहे. चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक कॉम्प्लेक्स नंबर, त्याला सी म्हणायचं. शून्यापासून सुरू करायचं, आलेल्या संख्येचा वर्ग करून त्यात सी मिळवायचा, परत तेच. मापांक, म्हणजे शून्यापासूनचं अंतर, २ च्या पुढे गेला की तो सी पळाला, कितव्या फेरीला पळाला त्यावरून रंग द्यायचा, आणि जो आपण ठरवलेल्या फेऱ्यांच्या लिमिटपर्यंत पळतच नाही तो काळा. बास.

८०० बाय ८०० चं चित्र म्हणजे सहा लाख चाळीस हजार ठिपके, आणि काळे ठिपके शेवटच्या फेरीपर्यंत मोजावे लागतात, त्यामुळे साध्या फॉर लूपने वर्गात बसून राहशील, नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीचा अ‍ॅरे घे. रंगांसाठी मॅटप्लॉटलिब या चित्रं काढायच्या लायब्ररीतला इन्फर्नो नावाचा रंगपट्टा घे, ते इंद्रधनुष्यी जेट वापरू नकोस बाबा, नसलेल्या रेषा दिसायला लागतात.

आता खरी गंमत. मोठं बदाम आणि डावीकडचा गोल जिथे चिकटतात ना, उणे ०.७५ ला, तिथली मान बघ. लिमिट ५० ठेवलीस तर जाड दिसते, ५०० केलीस की बारीक, म्हणजे ती जाडी चित्राची नाहीच, आपल्या लिमिटची आहे. ती खरंच एका बिंदूएवढीच आहे का हे डेव्हिड बोल नावाचा माणूस १९९१ मध्ये तपासत होता, म्हणून तो त्या बिंदूच्या सरळ वर थोडं थोडं अंतर घेऊन फेऱ्या मोजत बसला. अंतर ०.१ ला ३३ फेऱ्या, ०.०१ ला ३१५, ०.००१ ला ३१४३, ०.०००१ ला ३१४१७. अंतर गुणिले फेऱ्या कर की! वर्तुळाचा कुठे संबंध नाही, नुसता वर्ग आणि बेरीज, आणि पाय (π) येऊन बसलाय. मला तर हे चित्रापेक्षा जास्त आवडतं, खरं सांगतो.

पोरांना पाय येणारे हे आधी सांगू नकोस हां, नुसता तक्ता दे आणि गुणाकार त्यांनाच करू दे. कोड मेल केलाय, लॅबच्या मशीनवर नमपाय आहे का तेवढं बघून ठेव, आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सुन्या