मलपृष्ठावर अक्षरांचा हिशेब छापा

महोदय,

नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी गमतीदार यमकांची चित्रपुस्तके निघतात, त्यातली बरीच खरे तर मोठ्यांनी वाचून दाखवायची असतात. त्यात वाईट काही नाही. पण वर ‘माझे मी वाचतो’ असे छापले की घोटाळा होतो. मूल दुसऱ्याच पानावर अडते आणि चित्र बघून अंदाजाने पाठ म्हणू लागते. घरच्यांना वाटते, वाचायला लागले!

अडते कुठे? बहुतेकदा जोडाक्षरावर. ‘घोडा’ सोपा, पण त्यावर कोणी बसले की ‘घोड्यावर’ होते आणि ‘ड्य’ आडवा येतो. ‘पाऊस’ वाचता येणाऱ्या मुलाला ‘पावसात’ हा वेगळाच शब्द दिसतो. 1960 साली निघालेल्या, अमेरिकी बाललेखक डॉ. स्यूस यांच्या ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’मध्ये अवघे 50 वेगवेगळे शब्द आहेत आणि एक सोडून सगळे एका झटक्यात उच्चारता येणारे. इंग्रजीत ते जमते, कारण तिथे नाम सहसा रूप बदलत नाही. आपल्याकडे सामान्यरूप आहे, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचे रूप बदलते, म्हणून नुसते शब्द मोजून भागत नाही. अक्षरे आणि स्वरचिन्हे मोजावी लागतात.

दुसरी खोट यमकाचीच. ‘गेला, आला, झाला’ किंवा ‘घरात, दारात’ ही प्रत्ययांची यमके लिहायला सोपी, पण त्यातून मुलाला शब्दाची घडण कळत नाही. नळ, फळ, पळ, कळ अशी मालिका घेतली तर फक्त पहिले अक्षर बदलते आणि एक शब्द वाचता आला की बाकीचे मागोमाग येतात. उदाहरणार्थ:

नळाला आलं एक फळ,
बदका, बदका, पळ पळ पळ!

दोन्ही ओळी 14 मात्रांच्या, जोडाक्षर एकही नाही, चिन्हे फक्त काना आणि अनुस्वार. वेडेपणा आहे तो नळाला फळ येण्यात. वाक्याची मोडतोड नाही. यमकासाठी ‘पळाले ते बदक दूर’ असा उलटा क्रम केला की नवा वाचक गोंधळतो, कारण पुढचा शब्द तो बोलण्याच्या सवयीने हेरत असतो. (‘चल, बघ, कर’ छापाची एकही स्वरचिन्ह नसलेली वाक्ये हे दुसरे टोक. अक्षरे सोपी, पण पान उलटावेसे कोणाला वाटेल?) ‘म्हणाला’ हा जोडाक्षराचा शब्द तर पहिल्या पुस्तकांतून हद्दपारच करावा. बोलणे चित्रातल्या फुग्यात घातले की त्याची गरज उरत नाही.

यमकाचा शब्द पान उलटल्यावर येऊ द्यावा, म्हणजे मूल आधी ओळखते, मग अक्षरे वाचून खात्री करून घेते. मात्र तो शब्द चित्रात आधीच उघडा पडता कामा नये. एखादा बनवलेला शब्द, समजा ‘टमक’, जरूर घालावा. तो आठवणीतून म्हणता येत नाही, वाचावाच लागतो. पण पुस्तकात असे एक-दोनच पुरेत.

मांडणीकडे तर फार थोडे लक्ष देतात. वर वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे देवनागरीला ओळींत जास्त जागा लागते. 24 पॉइंटपेक्षा लहान टंक नको, ओळ समासापाशी न तोडता बोलण्याच्या विसाव्यावर तोडावी आणि मजकूर चित्रावर छापू नये. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचेच असावेत.

छपाईला देण्याआधी एक तपासणी करता येते. पुस्तकातले शब्द चित्राशिवाय कोऱ्या कागदावर उलटसुलट क्रमाने लिहून अक्षरओळख झालेल्या मुलांपुढे ठेवावेत. जे शब्द बहुतेकांना अडतात ते बदलावेत, भले त्यासाठी आवडते यमक सोडावे लागो.

प्रकाशकांकडे मागणी एवढीच, की मलपृष्ठावर वयोगटाऐवजी चार गोष्टी छापाव्यात: वेगळे शब्द किती, स्वरचिन्हे कोणती, जोडाक्षरे आहेत का आणि पुस्तक मुलाने वाचायचे की मोठ्यांनी.

आपले नम्र,
बालपुस्तकांचे काही संपादक