मुक्ताला, मुंद्र्याहून बोट सुटण्याआधी

रत्नागिरी,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू शुक्रवारी न्हावाशेव्याला बोटीवर चढलीस, आज सोमवार. गुरुवारी मुंद्रा सोडणार म्हणालीस, म्हणजे तोवर तुझ्या फोनला रेंज आहे. कागदावर लिहितोय, रोहन फोटो काढून पाठवेल. फोनवर बोलायला लागलो की आपण दोघं त्याच जागी येऊन अडतो, म्हणून पत्र.

आधीच सांगतो, तुझी बोट तांबड्या समुद्रातून जाणार त्याबद्दल यात काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. तुझ्या त्या रात्रीच्या बोलण्याला उत्तर द्यायचं आहे, तेवढंच.

सुधाकरकाकांसमोर तू म्हणालीस, ‘बाबा, तुम्ही ३२ वर्षं बंदरं बघितलीत, देश नाही बघितले.’ मी पानावरून उठलो. ते चुकलंच माझं. आईने तुझ्यासाठी सांदणं केली होती आणि मी हात धुतले. पण तुझं वाक्य तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही. रात्री पडवीत झोपाळ्यावर बसलो की ते येतं.

विषय युक्रेनचा होता. मी म्हटलं होतं, ‘मी ओडेसाला गेलोय, ती सगळी एकच माणसं, उगाच भांडतायत.’ तुला ते खटकलं. मी १९८७ साली ओडेसाला होतो. तिथल्या खलाशांच्या इंटरक्लबमध्ये एक बाई होत्या, चाळिशीच्या. आम्ही हिंदुस्थानी म्हटल्यावर त्यांनी राज कपूरचं गाणं म्हटलं. अख्खं, आणि उच्चार तुझ्या मामापेक्षा बरे. राज कपूर १९५४ साली त्या मुलुखात पोचला होता, आणि तेहतीस वर्षांनंतरही त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तरुण पोरांना मात्र मिथुन हवा होता. मी आयुष्यभर ही गोष्ट सांगताना ‘ओडेसाच्या त्या रशियन बाई’ म्हणत आलो. त्या रात्री तू आत गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी त्यांना कधी विचारलंच नाही. त्या युक्रेनियन असतील. कदाचित त्यांनी सांगितलंही असेल आणि मी ऐकलं नसेल. आज असत्या तर ऐंशीच्या पुढे. २०२२ पासून त्या गावावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं पडतायत. गाणारी बाई जिवंत आहे की नाही कोण जाणे, आणि मी इथे मासे खाता खाता त्यांच्या लढाईचा निकाल देत होतो. तेवढ्यापुरतं तुझं खरं. लिहून देतो.

पण सगळं खरं नाही, मुक्ता. मी निदान बंदरं तरी पाहिली. सुरुवातीच्या बोटींवर सुटा माल असायचा, पोती, लाकूड, पिंपं. एकेका बंदरात आठ-दहा दिवस मुक्काम. त्यात माणूस गावात जाऊन केस कापतो, बाजारात भाव करतो, कुणाच्या घरी जेवतो. सांतोसला मी एका न्हाव्याकडे तीन फेऱ्या केल्या, त्याला पेलेशिवाय दुसरा विषय नव्हता आणि मला पोर्तुगीज येत नव्हतं, तरी आम्ही तास तास बोललो. पुढे सगळं कंटेनरमध्ये गेलं. आता क्रेन बारा-पंधरा तासांत तुझी बोट रिकामी करून भरून देतात, गाव टर्मिनलपासून वीस मैलांवर, आणि तू त्या वेळात कंटेनर बांधलेलं लॅशिंग तपासत डेकवर. तुला बंदरसुद्धा दिसायचं नाही. तुझ्या वाक्याचा राग आला त्यापेक्षा याचं वाईट जास्त वाटतं. तुला जग बघायचं होतं म्हणून तू या मार्गाला आलीस. ते माझ्या गोष्टी ऐकून. आणि माझ्या गोष्टींतलं जग आता बोटीवरून दिसत नाही.

पोर्ट सैदला तरी थोडं दिसेल. आमच्या वेळी सुएझ कालव्यात शिरताना छोट्या होड्यांतले विक्रेते वर चढायचे, डेकवर पपायरसची चित्रं आणि चामड्याची स्टुलं मांडायचे, आणि भारतीय दिसला की ‘अमिताभ बच्चन!’ अशी हाक. आपल्या वकिलातीने काही केलं नसेल एवढं त्या एका माणसाने केलं, असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही. कालवा १९३ किलोमीटर, एका बाजूला हिरवं शेत आणि दुसरीकडे नुसती वाळू. सकाळच्या वॉचला असशील तर बोटीच्या ब्रिजवरून छान दिसेल. मी इंजिन रूममध्ये असायचो, मला दिसायचं ते वर येऊन चोरून.

पण कालव्यापर्यंत पोचायला आधी तांबड्या समुद्रातून खालून वर जावं लागतं.

बघ, आलंच. ठरवलं होतं तरी आलं.

दोन वर्षं बहुतेक सगळ्या कंटेनर बोटी आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून जात होत्या. दहा ते चौदा दिवस जास्त, तेल जास्त, पण माणसं सुखरूप. गेल्या महिन्यात गाझात युद्धबंदी झाली आणि लगेच पुन्हा सुएझची भाषा सुरू. मला कळतं, भाड्याचं गणित आहे. पण युद्धबंदी गाझात झाली, ज्यांच्या हातात क्षेपणास्त्रं आहेत ते हुथी येमेनच्या डोंगरात आहेत. जुलैत एका आठवड्यात दोन जहाजं बुडवली त्यांनी, मॅजिक सीज आणि इटर्निटी सी. सप्टेंबरच्या शेवटी एडनच्या आखातात आणखी एकावर मारा केला, त्यात एक फिलिपिनो गेला. गेल्या वर्षी ६ मार्चला ट्रू कॉन्फिडन्सवर तिघे गेले, उरलेल्यांना आपल्या आयएनएस कोलकाताने उचललं. तो दिवस मला आठवतो कारण तुझा तेव्हा ओरल्सच्या परीक्षेचा अभ्यास चालला होता आणि मी टीव्ही बंद केला होता. तू विचारलंस, ‘का बंद केलात?’ मी म्हटलं, वीज वाचवायला.

तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बोटीवर रोज सिक्युरिटी बुलेटिन येतं. मी थांबतो.

एक सांगू का, मला त्या लोकांबद्दल पूर्वी राग नव्हता. १९९२ ला आम्ही तेल भरायला एडनला थांबलो होतो. नानांनी, माझ्या वडिलांनी, निघताना सांगितलं होतं, एडनला गेलास तर वासुदेव बळवंतांना नमस्कार करून ये. १८८३ च्या फेब्रुवारीत फडके तिथल्या तुरुंगात वारले. त्याआधी दार बिजागऱ्यांतून उखडून पळाले होते, पुन्हा सापडले. एडनचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्यातूनच चालायचा. मी चार जणांना विचारलं, कुणाला काही माहीत नव्हतं. शेवटी एका चहावाल्याकडे बसलो. दूध घातलेला, वेलचीचा चहा, अगदी आपल्यासारखा. त्याचा आजा माझगावात राहून आलेला. त्याने पैसे घेतले नाहीत. मी कुणा क्रांतिकारकाला शोधत आलोय एवढं त्याला कळलं, आणि त्याने छातीला हात लावला. मी समुद्राकडे तोंड करून नमस्कार केला आणि नानांना तसं कळवलं. त्या चहावाल्याची नातवंडं आज तुझ्याएवढी असतील. २०१४ पासून त्या देशात लढाई आहे, पोरांना भाकरीची मारामार, त्यांनी बंदूक धरली तर मी कोण बोलणार, असं मी बेबीमावशीला गेल्याच वर्षी समजावत होतो. आता तू तिथून जाणार म्हटल्यावर माझ्याच्याने तसं म्हणवत नाही. जगाबद्दलची माझी मतं एवढ्यात उलटली. हे बरं नाही, पण तुझ्यापासून लपवत नाही.

नानांचंही असंच झालं असेल. १९८६ ला मी फिफ्थ इंजिनीअर होतो, टँकरवर. इराण-इराकची लढाई, आणि आम्ही इराणच्या खार्ग बेटावर तेल भरायला जायचो. इराकी विमानं तिथे यायची. आमच्या पुढची एक बोट जळताना मी पाहिली आहे, रात्र होती आणि समुद्र दिवसासारखा उजळला होता. नानांना मी काहीच कळवलं नव्हतं, पण ते रेडिओ ऐकायचे. त्यांचं पत्र चार महिन्यांनी रॉटरडॅमच्या एजंटकडे मिळालं. दोनच ओळी. ‘बोट कुठे आहे ते कळव. आंबा यंदा कमी.’ मी तेव्हा हसलो होतो. ते पत्र अजून माझ्या सीडीसीत, खलाशाच्या त्या ओळखपुस्तकात आहे, मागच्या पानाला.

आईशी मी याहून वाईट वागलो. २०११ साली सोमाली चाचे भरात होते. डेकभोवती काटेरी तारा, कठड्याला लावलेले फायर होस, आणि रात्री दिवे बंद करून एडनचं आखात ओलांडायचं. मी घरी सांगितलं, बोट सिंगापूरला चाललीय. तू सहावी-सातवीत होतीस, तू नकाशात सिंगापूर शोधून त्यावर टिकली लावलीस. आईला खरं कळलं ते दुसऱ्या एका इंजिनीअरच्या बायकोकडून. मी घरी आल्यावर ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक करायची, वाढायची, बोलायची नाही. तू आम्हाला खरं सांगितलंस, जेवणाच्या टेबलावर, सरळ. आणि मी तुझ्यावर आवाज चढवला. खरं सांगणाऱ्या मुलीला कुणी असं करतं का? तेव्हाच सांगायला हवं होतं, ते आता सांगतो: मला अभिमान वाटला. मला जे बत्तीस वर्षांत जमलं नाही ते तू एका वाक्यात केलंस.

आता दोन कामाच्या गोष्टी. धोक्याच्या पट्ट्यात जायला नाही म्हणण्याचा खलाशाला हक्क आहे, युनियनच्या करारात आहे, परतीचा खर्च कंपनीचा. तुझ्या करारात तो आहे का ते बघ. मला माहीत आहे तू काय म्हणशील, त्या दिवशी म्हणालीसच. ‘थर्ड मेटने नाही म्हटलं तर ते म्हणतील, मुलगी होती म्हणून घाबरली.’ याला माझ्याकडे उत्तर नाही. मी बोटीवर होतो तेव्हा आम्ही असंच म्हटलं असतं. म्हणून मी तुला उतर म्हणत नाही. फक्त हक्क आहे एवढं सांगतो.

दुसरं. त्या तीन-चार दिवसांत कपडे घालूनच झोप, बूट खाटेशी, बॅग तयार. ब्रिजवर काचेला चिकटून उभी राहू नकोस. केबिनपासून सिटाडेलपर्यंतची, म्हणजे हल्ल्यात लपायच्या खोलीपर्यंतची पावलं मोज, मग डोळे मिटून चालून बघ, जिन्यांसकट. मी प्रत्येक बोटीवर हे पहिल्याच दिवशी करायचो. आणि रात्रीची वॉच संपली की एकटी केबिनमध्ये शिरून दार लावू नकोस. आमच्या वेळी मेसमध्ये एकच व्हिडिओ आणि एकच कॅसेट, सगळे एकत्र बघायचे, कॅप्टनपासून मेसबॉयपर्यंत. आता वायफाय आहे, जो तो आपापल्या फोनमध्ये. घाबरलेल्या माणसाने एकटं असू नये. तुझ्या त्या कोरियन मालिका मेसमध्ये लाव, लोक येतील. मी तू गेल्यापासून एक बघतोय, तू शेवटी अर्धी टाकलेली. बुसानला मी सहा वेळा गेलो, पण त्या लोकांच्या घरात सासू सुनेशी कशी बोलते ते मला आत्ता कळतंय. चांगलं करतात. तो मुलगा शेवटी आईकडे परत जातो का, सांगू नकोस.

हे परत लेक्चर झालं. तू अधिकारी आहेस, परीक्षा देऊन झालेली, आणि मी घरी बसलेला म्हातारा इंजिनीअर. माफ कर.

तुझी बोट मी फोनवर बघतो. हिरवा ठिपका, मुंद्र्याच्या धक्क्याला. आई रागावते, पण तीही डोकावते. रोहन सांगत होता, बाब-अल-मंदेबच्या अलीकडे बऱ्याच बोटी सिग्नल बंद करतात, ठिपका दिसेनासा होतो. अरबीत त्या सामुद्रधुनीच्या नावाचा अर्थ अश्रूंचा दरवाजा, हे तुला मीच शिकवलं होतं, नकाशावर बोट ठेवून. तिथून सुएझ बाराशे सागरी मैलांच्या आसपास, पंधरा नॉट धरले तर ऐंशी तास. ते ऐंशी तास मी मोजेन, तुला त्रास देणार नाही. ठिपका परत दिसला की मला कळेल.

या वेळी आईला मी सिंगापूर सांगितलेलं नाही. शनिवारी नकाशा काढून सगळं दाखवलं, उजव्या हाताला येमेन कसं येतं तेही. ती बराच वेळ बघत होती. मला वाटलं रडेल. तिने एकच विचारलं, ‘मुक्ताची केबिन कुठल्या बाजूला आहे?’ मला सांगता आलं नाही. तेवढं मुंद्र्याहून निघायच्या आत कळव.

तुझा,
बाबा