संमतिपत्र सही करणाऱ्याला कळते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकचेच. पदव्युत्तर प्रबंधांचे आराखडे इथल्या महाविद्यालयांच्या नैतिकता समित्यांपुढे, म्हणजे माणसांवरील संशोधन तपासून मंजुरी देणाऱ्या समित्यांपुढे, सतत येत असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा आणि बैठकीला किमान पाच जण हजर असावेत. सदस्यांत एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही हवा. कागदावर हे सगळे जुळते. घोडे अडते ते संशोधनात भाग घेणाऱ्याची सही ज्यावर घेतात त्या मराठी संमतिपत्रापाशी.

चर्चा इंग्रजी आराखड्यावर होते. मराठी प्रत फाइलच्या तळाशी पडून राहते. मग ‘सदर संशोधनांतर्गत शिरेतील रक्ताचा नमुना संकलित करण्यात येईल’ असले वाक्य तसेच मंजूर होते. तिथे ‘हाताच्या शिरेतून एकदाच ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा रक्त घेऊ, नाही म्हणालात तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत’ असे लिहायला काय हरकत आहे? मराठी प्रत सामान्य सदस्याला आठ दिवस आधी द्यावी, बैठकीत त्यानेच ती मोठ्याने वाचावी. तो जिथे अडखळेल, ते वाक्य बदलावे. मराठीवरून पुन्हा इंग्रजी भाषांतर करून मूळ मजकुराशी ताडून पाहिले की गळलेले धोकेही सापडतात.

पेठ-सुरगाण्याकडच्या आश्रमशाळांतील अभ्यासांत तर जास्तच डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे. मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे पालकांची संमती नव्हे. मूल ७ ते ११ वर्षांचे असेल तर त्याचा तोंडी होकार लागतो, १२ ते १८ वयात लेखी. पालक गावी आणि मूल वसतिगृहात, म्हणून ही पायरी गाळली जाते. आराखड्यात पालकांना भेटायचे दिवस आणि प्रवासखर्च धरलेला नसेल, तर समितीने तो तिथेच परत पाठवावा. अंगठा घेताना साक्षीदार त्रयस्थ हवा. संशोधकाचाच मदतनीस साक्षीदार असेल तर त्या सहीला अर्थ नाही.

आधी माहिती गोळा करून मागाहून मंजुरी मागणाऱ्यांना ठाम नकार मिळालाच पाहिजे. प्रबंधाची मुदत जवळ आली हे कारण होऊ शकत नाही.

मंजूर मराठी प्रतीच्या प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक, तारीख आणि समितीचा शिक्का असावा. तिच्यावर संशोधकाबरोबरच समितीच्या सदस्य-सचिवांचा फोन नंबर छापावा आणि एक प्रत सहभागी व्यक्तीच्या हाती द्यावी, अशी विनंती विद्यापीठाला आहे.

– एक वाचक, नाशिक